एक फ्रेट खाली : अर्पेजिओचा आठवा महिना

इलेक्ट्रिक गिटारवर अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे) सूर एकेक करून वाजवणं, याचा सराव करतो आहे, त्याचा आठवा महिना संपला. वहीतला वेगाचा आकडा मिनिटाला ९२ ठोके आहे, दोन महिन्यांपूर्वी होता तोच. तरीही या दोन महिन्यांत हाताला जे लागलं ते आधीच्या सहा महिन्यांत लागलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले सहा महिने आकृत्या, म्हणजे गिटारच्या दांडीवर बोटं कुठे पडतात त्याचे साचे, पाठ करण्यात गेले. मेजर सेव्हन, मायनर सेव्हन, डॉमिनंट सेव्हन, हाफ डिमिनिश्ड, हे चार सुरांच्या कॉर्डचे चार प्रकार. प्रत्येकाच्या पाच जागा, मूळ सुरापासून (ज्यावरून कॉर्डचं नाव पडतं त्या) वर आणि परत मूळ सुरावर. रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा. आमच्या घराखालीच चुलत्यांचे टॉवेलचे माग आहेत. ते सातला सुरू होतात, त्याआधी वाजवून घ्यावं लागतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी तेही जमत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आकृत्या चोख बसल्या. पण बॅकिंग ट्रॅक (रेकॉर्ड केलेली साथ) लावला की डी मायनर सेव्हनची आकृती संपायची, तिथून उडी मारून जी सेव्हनची (हीच डॉमिनंट सेव्हन) सुरू व्हायची, मग सी मेजर सेव्हनसाठी पुन्हा उडी. तीन व्यायाम एकापुढे एक ठेवल्यासारखं ऐकू यायचं.

वाट सापडली ती मागावर. एका रविवारी चुलते नवीन बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) चढवत होते. जुना ताणा संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठतात. जो धागा समोर येतो तो त्याच्या समोरच्यालाच. शेकडो धागे, पण एकही लांबून ओढून आणायचा नाही. मी शेजारी बसून धागे हातात देत होतो आणि डोक्यात सकाळचा ट्रॅक चालू होता. वर आलो, गिटार घेतली आणि ठरवलं : पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) आसपासची जागा सोडायची नाही. कॉर्ड बदलली की हाताशी सर्वांत जवळ असलेल्या सुरावर उतरायचं, मग तो मूळ सूर असो वा नसो.

डी मायनर सेव्हनमध्ये डी, एफ, ए, सी (सुरांची पाश्चात्त्य नावं). जी सेव्हनमध्ये जी, बी, डी, एफ. सी मेजर सेव्हनमध्ये सी, ई, जी, बी. आता बघा, तिसरा-सातवा हे मूळ सुरापासून सप्तकाच्या क्रमाने मोजायचं; पहिल्या कॉर्डचा सातवा सूर सी एक फ्रेट खाली सरकला की बी होतो, आणि तो जी सेव्हनचा तिसरा आहे. जी सेव्हनचा सातवा सूर एफ एक फ्रेट खाली गेला की ई, तो सी मेजर सेव्हनचा तिसरा. कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं ते मुख्यतः या दोन पावलांमुळे. हे मी पूर्वी दहा ठिकाणी वाचलं होतं, पण बोटांनी कधी करून बघितलं नव्हतं.

पहिला आठवडा फक्त ही दोन पावलं वाजवली, ६० च्या लयीत, बाकी काही नाही. मग ही ओळ बसवली, प्रत्येक ठोक्याला एक सूर. डी मायनर सेव्हनवर पाचव्या तारेचा (तारा बारीक तारेपासून मोजायच्या) पाचवा फ्रेट, तिचाच आठवा, चौथ्या तारेचा सातवा, तिसऱ्या तारेचा पाचवा. जी सेव्हन आला की तिसऱ्या तारेचा चौथा, तिचाच सातवा, दुसऱ्या तारेचा आठवा, तिचाच सहावा. आणि सी मेजर सेव्हनवर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर थांबायचं. डी एफ ए सी, बी डी जी एफ, ई. एकदा वाजवून बघा. ट्रॅक बंद केला तरी कॉर्ड बदलल्याचं ऐकू येतं. मला त्या सकाळी इतका आनंद झाला की साडेसहा वाजून गेल्याचं कळलं नाही, खाली माग सुरू झाले तेव्हा भानावर आलो.

हाताची अडचण सी मेजर सेव्हनवर येते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट, म्हणजे ई, सी, जी, तिन्ही या कॉर्डचे सूर. बोट आडवं दाबलं की तिन्ही एकदम वाजत राहतात आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या इफेक्टमध्ये) त्याचा नुसता गोंगाट होतो. बोट सपाट न ठेवता पहिल्या पेरावर लोळवायचं, पुढच्या तारेवर भार गेला की मागची आपोआप गप्प व्हायला हवी. सराव गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) पूर्ण बंद करून करा, मग थोडा थोडा वाढवा. मी नेक पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या, दांडीजवळच्या भागावर), टोन निम्म्यावर ठेवून वाजवतो. आधी सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचं) पिकअप होतं, पण खालच्या मोटारी सुरू झाल्या की भुणभुण असह्य व्हायची. हंबकर (भुणभुण मारणारं दोन वेटोळ्यांचं पिकअप) बसवल्यापासून बरीच शांतता आहे.

ऐकण्याचं म्हणाल तर गिटारवादक लॅरी कार्लटन. स्टीली डॅन या बँडच्या १९७६ च्या ‘किड शार्लमेन’मधला त्याचा सोलो मी निम्म्या वेगाने ऐकतो आहे. कॉर्ड बदलताना तो कुठल्या सुरावर उतरतो, एवढंच वहीत टिपतो. गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ सध्या बाजूला ठेवला आहे. डाव्या हाताचं तेवढं बळ यायला वेळ आहे.

दुसरी गोष्ट या महिन्यातली. एका कॉर्डवर दुसऱ्याच कॉर्डचा अर्पेजिओ ठेवायचा, नेहमी तिसऱ्या सुरापासून. डी मायनर सेव्हनवर एफ मेजर सेव्हन, जी सेव्हनवर बी हाफ डिमिनिश्ड, सी मेजर सेव्हनवर ई मायनर सेव्हन. मूळ सूर सुटतो, नववा (वरच्या सप्तकातला दुसरा) मिळतो. बेस मूळ सूर धरून असतोच, आपण तो पुन्हा सांगायची गरज नाही. पाठ केलेल्या जुन्या आकृत्या इथे कामाला आल्या, नवीन काहीच शिकावं लागलं नाही.

गच्चीवर संध्याकाळी सी चा सूर लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या पेडलवर) धरून त्यावर ई मायनर सेव्हन वाजवत होतो. शेजारचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते कठड्यापाशी आले आणि म्हणाले, “हंसध्वनी वाजवलालास की रे!” मी सूर मोजले. सी, डी, ई, जी, बी. सा, रे, ग, प, नी. खरंच, सी आणि वर ई मायनर सेव्हन, म्हणजे सी मेजर नाइन, त्याचे पाच सूर म्हणजे हंसध्वनीचेच पाच सूर, मध्यम आणि धैवत नाहीतच. आजोबांनी पेटी वर आणवली. ते रागाच्या चलनाने आणि मी कॉर्डच्या हिशेबाने, तासभर वाजवलं. त्यांचं एक सांगणं वहीत लिहून ठेवलं आहे : “निषादावर जरा थांबत जा, लगेच षड्जाला पळू नको.” मी बी वरून सी वर घाईने जात होतो, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनने १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला आणि नंतर तबल्यावर झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर यांच्याबरोबर शक्ती हा गट, तेव्हा दोन्ही बाजूंनी हे सूर किती ऐकले गेले असतील, असं त्या रात्री मनात येत राहिलं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. वर-खाली सरकताना माझा तळवा खरचटायला लागला तेव्हा लक्षात आलं. टोकं बारीक कानशीने घासून घेतली, आणि आता केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, नीट पिळलेला स्पंज ठेवतो.

पुढचे पंधरा दिवस जी सेव्हनवर बी, डी, एफ आणि ए फ्लॅट (ए च्या एक फ्रेट खालचा सूर), म्हणजे बी डिमिनिश्ड सेव्हन. त्यातला ए फ्लॅट एक फ्रेट खाली सरकून जी वर उतरतो, सी मेजर सेव्हनच्या पाचव्या सुरावर. वेग ६० पासूनच सुरू करतो आहे.