ड्रॉप चेकर हिरवा होता, तरी मासे गुदमरत होते

झाडांसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या त्या २०० लिटरच्या फिश टँकपाशी मी दुपारी एक वाजता पोहोचलो, तेव्हा सगळे टेट्रा पृष्ठभागाला तोंड लावून होते आणि कल्ले भराभर हलत होते. झिंगे दगडावर निपचित पडले होते. झाडं मात्र भलतीच खुशीत होती, पानापानावरून ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे वर सुटत होते. ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी टँकमधली कुपी, हिरवागार. मालकांचं म्हणणं, हिरवा म्हणजे ३० पीपीएम (लिटरला ३० मिलिग्रॅम), योग्य मात्रा, मग मासे असे का करतायत?

कारण शोधायला नंतर वेळ असतो. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, सोलेनॉइडचा (वायू विजेवर सुरू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा) प्लग काढला, एअर पंप जोरात सुरू केला, फिल्टरचा आउटलेट वर उचलून पृष्ठभाग खळबळवला आणि क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं १०० लिटर पाणी बदलायला घेतलं. अशा वेळी एअर पंप ऑक्सिजन कमी पडला म्हणून लावत नाहीत. या पाण्यात ऑक्सिजन भरपूर होता, झाडं तो सोडतच होती. पण पाण्यातच कार्बन डायऑक्साइड इतका साचला की माशाच्या रक्तातला कल्ल्यांवाटे बाहेर पडत नाही, आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदही घटते. पंप तो साचलेला वायू हुसकून लावतो. वीसेक मिनिटांत मासे खाली उतरले, झिंगे पाय हलवू लागले.

पाणी बदलण्याआधी एक पेला नमुना बाजूला ठेवून लगेच मोजला होता: पीएच ६.६, केएच (कार्बोनेट कठीणपणा) १०. त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा हिशेब असा: ७ मधून पीएच वजा करायचा, १० ला तेवढा घात द्यायचा, त्याला केएचने आणि ३ ने गुणायचं. इथे १० चा ०.४ घात सुमारे २.५, म्हणून ३ × १० × २.५ = ७५ पीपीएम.

मग ड्रॉप चेकर हिरवा कसा? त्यात टँकचंच पाणी भरलं होतं. चेकरमधलं द्रावण टँकच्या पाण्याला टेकत नाही. मधल्या हवेतून वायू पोहोचतो, द्रावणाचा पीएच उतरतो आणि त्यातला ब्रोमोथायमॉल ब्लू हा सूचक रंग बदलतो. हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच की द्रावणाचा पीएच ६.६ च्या आसपास आहे. द्रावण ४ केएचचं असेल तर हा पीएच ३० पीपीएमला येतो, १० केएचचं असेल तर ७५ ला. योग्य मात्रेला हा चेकर निळसरच राहणार होता. म्हणून मालकांनी चार दिवस वायू कमी-जास्त करणारा नीडल व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत नेला आणि हिरवा दिसल्यावर थांबले. त्यांचा हात चुकला नव्हता, द्रावण चुकलं होतं.

४ केएचचं द्रावण घरी करता येतं. १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला की ४० केएच होतो. त्यातले १०० मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्याने एक लिटर केले की ४. वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, चमच्याच्या मापाने हे काम होत नाही.

चेकर मी डिफ्यूझरपासून (पाण्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागापासून) लांबच्या कोपऱ्यात लावला. थेट बुडबुडे आत शिरले तर तो टँकचं नाही, सिलिंडरचं माप सांगतो. शिवाय रंग एक-दोन तास मागे असतो, त्यामुळे सेटिंग करताना माझा भरवसा पीएचच्या घसरणीवर. टँकच्या पाण्यात २४ तास एअरस्टोन सोडून वायू काढला, तेव्हा पीएच आला ८.०. तिथून १.० ची घसरण म्हणजे विरघळलेला वायू दहापट. वायू काढलेल्या पाण्यातल्या तीन पीपीएमचे तीस. टँकमधल्या लाकडाच्या आम्लांनी केएचचा हिशेब बिघडतो, पण ही घसरण बरीचशी खरी राहते.

दुसऱ्या दिवशी सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या वायूचा दाब (वर्किंग प्रेशर) २ बार ठेवून सेकंदाला एक बुडबुडा सोडला आणि दर अर्ध्या तासाने पीएच घेतला. तो ७.३ ला थांबला. व्हॉल्व्ह जेमतेम हलवला आणि पुढचं माप थेट दुसऱ्या दिवशी घेतलं. एका दिवसात दोनदा फिरवला की कुठल्या बदलाचा काय परिणाम झाला ते कळत नाही. बुडबुड्यांचा आकडा फक्त आपल्या टँकपुरता, दुसऱ्याचा उसना घेऊ नये. बबल काउंटर (बुडबुडे मोजायची नळी) बदलला की बुडबुड्याचा आकारही बदलतो.

चौथ्या दिवशी पीएच ७.० ला स्थिरावला. तिथे पोहोचायला दोन तास लागत होते, म्हणून सोलेनॉइडचा टायमर लाइटच्या दोन तास आधी सुरू आणि लाइट जाण्याच्या एक तास आधी बंद असा लावला. फिल्टरचा आउटलेट मात्र पृष्ठभागावर हलकी लहर उठेल इतका वरच ठेवला. त्यात थोडा वायू वाया जातो, तो जाऊ द्यावा. नव्या द्रावणाचा चेकर त्या दुपारी हिरवा झाला तेव्हा टेट्रा मधल्या पाण्यात होते.