अंगठी बोटातच होती

स्पेनमधल्या सांतियागोच्या कॅथेड्रलपर्यंत पायी जायची यात्रा म्हणजे कामिनो. त्या वाटेवरच्या कारिओन गावाच्या आधीचे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. पिरिनीजचे डोंगर ओलांडताना दाट धुकं होतं. रोन्सेसवायेसला रात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, यात्रेकरूंना आशीर्वाद मिळाला. पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस ही नावं क्रेदेन्सियालवरच्या, म्हणजे यात्रेकरूच्या पासबुकावरच्या, शिक्क्यांमुळे लक्षात आहेत. बाकी आठवतो तो पहाटेच्या अंधारातला प्लास्टिकच्या पिशव्यांचा आवाज, वरच्या बंकवरचं घोरणं, आणि रोज नव्या माणसाला तेच सांगणं: हो, मी कॅथलिक आहे. हो, अजून मिस्साला जाते. हो, दर रविवारी.

2022चा सप्टेंबर होता. 25 जुलैला, संत याकोबाच्या सणाला, रविवार आला की सांतियागोत पवित्र वर्ष असतं. ते आलं होतं 2021मध्ये, पण कोरोनामुळे 2022च्या अखेरपर्यंत वाढवलं होतं. कॅथेड्रलचं पवित्र दार उघडं होतं. मला त्या दारातून आत जायचं होतं, म्हणून मी निघाले होते. घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना मात्र वाटत होतं, की मी 'मोकळी व्हायला' चाललेय. सगळ्यांनी मला याच शब्दात निरोप दिला. चाल, रड, विसर आणि नवी होऊन ये. बहीण म्हणाली, "ताई, आल्यावर तरी निर्णय घे."

माझा निर्णय झालेला आहे. तो लग्नाच्या दिवशीच झाला. नवऱ्याने दिवाणी कोर्टातून घटस्फोट घेतला, पुढे दुसरं लग्न रजिस्टर केलं, त्यांना आता मुलगी आहे. मी दुसरं लग्न केलेलं नाही आणि करणार नाही. कारण वेदीपुढे आम्ही जे बोललो ते शुद्धीवर, मोकळ्या मनाने, कुणाच्या जबरदस्तीशिवाय बोललो होतो. चर्चच्या कायद्यात कॅनन 1141 आहे: असं पूर्णत्वाला गेलेलं लग्न मृत्यूशिवाय कुठलीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. लोक म्हणतात, पोप फ्रान्सिसनी 2015मध्ये ॲनलमेंट, म्हणजे लग्न मुळात झालंच नव्हतं असा चर्चचा निकाल, सोपी केलीय, अर्ज करून टाक. प्रक्रिया सोपी झाली, खरं आहे, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ते फार चांगलं झालं. पण चर्चचं ट्रायब्युनल लग्न मोडत नाही. ते मुळात झालं होतं का, एवढंच तपासतं. आमचं झालं होतं. मी तिथे जाऊन झालं नव्हतं असं कसं सांगू?

आणखी एक गैरसमज चर्चमध्ये जाणाऱ्यांचाच असतो. घटस्फोटित म्हणून मला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, मिळत नसणार, असं धरून चालतात. मी रांगेत उभी राहिले की मागे कुजबुज होते. दुसरं लग्न न करता राहणाऱ्याला तशी कुठलीही आडकाठी नाही. हे फादरनी एकदा प्रवचनात स्पष्ट सांगितलं तर किती जणींचं ओझं उतरेल.

असो. कारिओन.

कारिओन दे लोस कोंदेसला ऑगस्टिनियन सिस्टर्सच्या आल्बेर्गेत, यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, संध्याकाळी सगळे गोल करून बसतात. सिस्टर गिटार वाजवतात, मग प्रत्येकाने कुठून आलो, का चालतोय ते सांगायचं. करिअर बदलायचंय, वजन कमी करायचंय, वडील गेले, निवृत्त झालो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "नवऱ्यासाठी." सगळ्यांचे चेहरे फुलले. एकाने विचारलं, तो कुठे आहे? मी म्हणाले, तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो.

पुढचा माणूस बोलायला लागेपर्यंत बराच वेळ गेला.

जेवताना जर्मन बाई माझ्या शेजारी येऊन बसली. बुर्गोसपासून आमच्या वाटा जुळत होत्या. चांगली बाई, स्वतःच्या डब्यातलं पहिल्यांदा दुसऱ्याला देणारी. तिने तिच्या देशात रीतसर अर्ज करून चर्चमधून नाव काढून घेतलं होतं. तिथे चर्चचा कर असतो, त्यामुळे ते सरकारी कार्यालयात जाऊनच करावं लागतं. ती मला हळू आवाजात म्हणाली, तू स्वतःला शिक्षा करतेयस. पुढे क्रूस दे फेरो येईल, लोक तिथे दगड ठेवतात. तू अंगठी ठेव. तू मोकळी होशील. तिचे डोळे भरून आले होते. मला मात्र राग आला, इतका की मी ताट उचलून दुसरीकडे गेले. मोकळं व्हायचंय असं मी कुणालाच म्हटलेलं नव्हतं.

यात्रेकरूंच्या मिस्सानंतर सिस्टर्सनी प्रत्येकाला रंगवलेली कागदी चांदणी दिली. ती मी क्रेदेन्सियालमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कारिओन ते काल्सादिया दे ला कुएसा सतरा किलोमीटर, मध्ये एकही गाव नाही. जुना रोमन रस्ता, सरळ. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मध्येच काळ्या पडलेल्या सूर्यफुलांचा तुकडा. शहाणी माणसं अंधारातच निघतात. माझ्या डाव्या टाचेवरचा फोड रात्री फुटला होता आणि उजव्या करंगळीखाली नवा आला होता. पट्ट्या बांधून निघेपर्यंत उन्हं वर आली. तासाभरात पट्टी सरकली, मोजा ओला झाला. टाच टेकवली की कळ गुडघ्यापर्यंत जायची, म्हणून मी चवड्यावर चालायला लागले, तेव्हा करंगळी पेटली. दोन्हीपैकी कुठलं दुखणं सोसायचं ते प्रत्येक पावलाला ठरवावं लागत होतं. सायकलवाले घंटी वाजवून धूळ उडवत गेले. सॅक टॅक्सीने पुढे पाठवलेली मोकळी माणसं हात हलवत गेली. मला त्या सगळ्यांचा संताप येत होता. उष्णतेने बोटं सुजली होती आणि अंगठी रुतत होती. ती फिरवून पाहिली तर फिरेना.

वाटेच्या कडेला बसून बूट काढला तेव्हा तो कोरियन मुलगा आला. बाविशीतला असेल. आदल्या रात्री गोलात माझ्या समोर होता आणि फक्त देशाचं नाव सांगून थांबला होता. त्याने काही विचारलं नाही. सॅक उतरवली, सुईदोरा काढला, सुई लायटरवर धरली, माझ्याकडे बघून मान हलवली. मी पाय पुढे केला. करंगळीच्या फोडातून त्याने दोरा ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर सोडून कापला, पाणी निथळत राहावं म्हणून. टाचेला हात लावण्याआधी स्वतःची बाटली ओतून हात धुतले. त्या रस्त्यावर बाटलीभर पाणी म्हणजे काय, ते तिथे चाललेल्यालाच कळेल. कात्रीने टेप कापून त्याचे कोपरे गोल केले, उचकटू नयेत म्हणून. हे सगळं करताना तो दातांत ओठ धरून होता, आपल्यालाच दुखतंय तसा.

मग तो निघून जाईल असं वाटलं. नाही गेला. माझ्या चालीने चालायला लागला, आणि माझी चाल त्या दिवशी कुणाही जवान माणसाचा जीव जावा अशी होती. मी दोनदा खुणेने सांगितलं, तू हो पुढे. त्याने मान हलवली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की तो सतत माझ्या डाव्या हाताला चालतोय. आम्ही पश्चिमेला चाललो होतो, ऊन डावीकडून येत होतं, आणि त्याची सावली बरोबर माझ्या पायांवर पडत होती. मी थोडी पुढे गेले की तो पुढे यायचा, मागे राहिले की मागे. पुढे मैलभर दुसरी सावली नव्हती.

त्याच्या मनगटाला रोजरी, आमची जपमाळ, होती. मी माझी खिशातून काढून दाखवली. तो पहिल्यांदा हसला. भाषा जुळत नव्हती, पण रोजरीला ती लागत नाही. 'नमो मरिये' ही तिच्यातली प्रार्थना मी मराठीत सुरू करायची, 'पवित्र मरिये'पासून तो कोरियनमध्ये घ्यायचा. शुक्रवार म्हणून दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग. रहस्य बदललं की मी बोटांनी दाखवायची: दोन, तीन, चार. चौथ्याला, क्रूस खांद्यावर घेतल्याच्या रहस्याला, मला रडू फुटलं. मी थांबले नाही आणि त्यानेही लय मोडली नाही. त्या तासाभरात मी नवऱ्यासाठी जशी प्रार्थना केली तशी त्याआधी कधी झाली नव्हती. एरवी मी त्याचं नाव घेते ते कर्तव्य म्हणून, दात आवळून. त्या रस्त्यावर तो मला पूर्वी दिसायचा तसा दिसला, आंघोळ करून मिस्साला निघालेला, शर्टाचं वरचं बटण लावत.

काल्सादिया खळग्यात आहे, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आल्बेर्गेच्या दारात त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि तो त्याच दुपारी पुढे निघाला. पुन्हा दिसला नाही.

साहागुन, लेओन, आस्तोर्गा. पाय भरत आले. राबानालला बेनेडिक्टाइन मंक लॅटिनमध्ये संध्याप्रार्थना गातात. जर्मन बाई माझ्या आधीच तिथे येऊन मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आमच्यात त्यावर काही बोलणं झालं नाही.

क्रूस दे फेरोला आम्ही एकत्रच पोचलो. उंच लाकडी खांब, वर लहानसा लोखंडी क्रूस, खाली पिढ्यान् पिढ्यांच्या दगडांचा ढीग. दगडांत फोटो, बुटाच्या नाड्या, चिठ्ठ्या. तिने बहिणीच्या नावाचा दगड ठेवला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी घरून आणलेला दगड ठेवला. अंगठी बोटातच होती.

उतरताना तिने विचारलं, आणि या वेळी खरंच जाणून घ्यायला विचारलं: त्याने शब्द मोडला, मग तुझा कशाला राहिला? मी म्हणाले, मी त्याला म्हटलं नव्हतं की तू पाळशील तोवर मी पाळेन. मरेपर्यंत म्हटलं होतं, आणि देवासमोर म्हटलं होतं. त्याने त्याचा शब्द मागे घेतला म्हणून माझा मला परत मिळत नाही. मी त्याची वाट बघत बसलेली नाही. कामावर जाते, भाचरांना शिकवते, आजाऱ्यांना भेटते, पुष्कळ दिवस आनंदात असते. एकटं वाटतं तेही खरं. रात्री जास्त. पण लग्न झालेल्या कितीतरी बायकांनाही रात्री एकटं वाटतं, त्यांना कुणी प्रोफाइल बनवून देत नाही. (माझ्या मैत्रिणींनी मला न विचारता ते बनवलं होतं. मी ते पुसायला लावलं.) ती म्हणाली, मला हे पटत नाही. मी म्हणाले, ठीक आहे. मोलिनासेकापर्यंत आम्ही दोघी सोबत उतरलो.

ओ सेब्रेइरोच्या चढावर पाऊस. तिथले पॅरिश प्रीस्ट डॉन एलियास वालिन्या यांनी 1980च्या दशकात ही मोडत आलेली वाट पिवळे बाण रंगवत पुन्हा जिवंत केली, आणि 1989मध्ये ते गेले. आज लाखो माणसं ते बाण बघत चालतात. त्यातल्या अनेकांना चर्चशी घेणंदेणं नाही. मला पूर्वी याचा त्रास व्हायचा. ओ सेब्रेइरोच्या त्या लहान काळ्या दगडी चर्चमध्ये ओल्या कपड्यांनी बसल्यावर वाटलं, बाण रंगवताना त्या फादरनी कोण कशासाठी येईल हे कुठे विचारलं होतं.

सारियापासून गर्दी. शेवटचे शंभर किलोमीटर चाललं तरी कॉम्पोस्तेला, म्हणजे यात्रेचं प्रमाणपत्र, मिळतं, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. स्पीकरवर गाणी लावलेले घोळके. मी कानात बोटं घालून रोजरी म्हटली.

सांतियागोत आधी पापनिवेदनाला बसले, मग किंताना चौकात पवित्र दाराच्या रांगेत. पूर्ण दंडमाफीसाठी, म्हणजे पापांच्या शिक्षेच्या माफीसाठी, पापनिवेदन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. ही माफी नवऱ्याच्या नावाने मागायची असं मी मेसेतावर, कारिओनकडच्या पठारावर, ठरवलं होतं. पण ती स्वतःसाठी किंवा मृतासाठीच मागता येते, दुसऱ्या जिवंत माणसासाठी नाही. त्यासाठी त्याने स्वतः यायला हवं. हा नियम मला माहीत होता, तरी रांगेत उभं राहिल्यावर फार लागला. शेवटी दार ओलांडताना मी सासऱ्यांचं नाव घेतलं. घटस्फोटानंतर ते दर ख्रिसमसला माझ्याकडे जेवायला यायचे आणि मुलाविषयी एक शब्द बोलायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले.

मिस्सा मात्र जिवंतांसाठीही सांगता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका लहान चर्चच्या साक्रिस्तीत, फादरच्या तयारीच्या खोलीत, गेले. म्हाताऱ्या फादरनी वही पुढे केली. नवऱ्याचं नाव लिहिलं. त्याखाली त्याच्या मुलीचं लिहिलं. तिच्या आईचं नाव लिहायला पेन टेकवलं होतं, ते उचललं आणि वही परत दिली. ते मला अजून जमत नाही.