दुर्लक्ष करा, असं सांगण्याआधी

आजच्या बैठकीत, स्वतःला मारून घेणाऱ्या एका मुलाबद्दल पुन्हा तेच ऐकलं: "लक्ष वेधायला करतो तो." आईला सल्लाही तोच, दुर्लक्ष करा. ती मान खाली घालून ऐकत होती. फार वाईट वाटलं. मुलगा बोलत नाही, दिवसातून कितीतरी वेळा मनगटाने कानशिलावर मारून घेतो. जवळ कुणी नसताना काय होतं, हे कुणीच पाहिलेलं नाही. कृतीतूनच त्याला काही मिळत असेल, तर दुर्लक्षाने त्याचा फक्त रिकामा वेळ वाढेल.

१९८२ मध्ये वर्तनाचे अभ्यासक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी, मूल स्वतःला का मारतं, हे तपासायची रीत घालून दिली. १५-१५ मिनिटांची सत्रं. एकात मुलाने स्वतःला मारलं की मोठं माणूस काळजीने बोलतं, दुसऱ्यात मारलं की दिलेलं काम थांबतं, तिसऱ्यात खेळणी आणि भरपूर लक्ष, चौथ्यात मूल एकटं, हाताशी काही नाही. एकटं असताना मारणं सर्वात वाढलं, किंवा सगळीकडे सारखंच राहिलं, तर कारण आतलं असावं, म्हणजे इतरांकडून काही मिळावं म्हणून नव्हे, तर मारण्यातून जे जाणवतं त्यासाठी. अर्थात एकटं म्हणजे नजरेआड नव्हे. इजा होतेय असं दिसलं की सत्र तिथेच थांबवायचं. १९९४ मध्ये इवाटांच्याच गटाने १५२ जणांची माहिती मांडली, त्यात साधारण एक चतुर्थांश जणांचं कारण असं आतलं होतं. काम टळावं म्हणून करणारे त्याहून जास्त. म्हणजे अंदाजाने बोलायची सोयच नाही.

आणि सगळ्यात आधी कान, दात तपासून घ्यायला हवेत. दुखऱ्या जागेवर मारून ठणका क्षणभर दबत असेल, तर वर्तनाची योजना आखणं हा अन्याय ठरेल.

आज बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. तो मान एका बाजूला झुकवतो, मग ठोके, मग चेहरा सैल पडतो. थरथरणारं खेळणं हातात दिलं तेव्हा ठोके विरळ झाले. ही खूण मला मोलाची वाटते. अशा वस्तू एकेक करून पाहता येतील.

सगळ्यांचं असं नसतं. हॅगोपियन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आतल्या कारणाने मारून घेण्याचेही तीन प्रकार केले. काहींचं मारणं खेळात रमल्यावर कमी होतं, काहींचं होत नाही, आणि काही स्वतःचेच हात कपड्यांत गुंडाळून धरतात. तिसरा प्रकार वाचताना पोटात तुटतं. हात आवरायची धडपड करणाऱ्या मुलाला आपण हट्टी कसं म्हणतो?

उद्या आईला विचारायचंय: रात्री खोलीत एकटा असताना ठोक्यांचा आवाज येतो का? आणि कान डॉक्टरांना शेवटचे कधी दाखवले?