आयर्विनची पातळी आणि विलापगीताचा तिसरा अध्याय

सांगली, जुलैअखेर, रात्री

दिवसभर पाऊस आणि दिवसभर फोन. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी तीस फुटाच्या पुढं गेलंय, कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती सोडायलेत, एका ग्रुपवर एक आकडा तर दुसऱ्यावर दुसराच, आणि नदीपासनं लांब असलेल्या विश्रामबागेतले पण विचारायलेत मग नदीकाठच्यांचं काय सांगायचं. ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पुलाजवळ साडेसत्तावन्न फूट झालं होतं.

तेव्हा आमचं मारुती चौकातलं झेरॉक्सचं दुकान अख्खं पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर शटर कसंबसं वर केलं तर आत कागदाच्या रिमच्या रिम फुगून रॅकमध्येच गच्च बसलेल्या, ओढून निघेनात, शेवटी ह्यांनी पहारीनं फोडून काढल्या, आणि मशीनच्या ट्रेमधनं नदीचा काळा गाळ हातानं उपसला. मशीनचा हप्ता मात्र चालूच. २०२१ ला परत पाणी आलं. त्यामुळं आमची भीती काय मनाची नाही, ती बघितलेली आहे. पण तेव्हापासनं जुलै लागला की डोकं एकाच रस्त्यानं पळायचं, पाणी येणार, दुकान जाणार, हप्ते थकणार, पोरीची फी कुठनं आणायची, आणि रात्री दोन दोनला उठून आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसायचो, एकमेकाशी बोलणं नाही काही नाही.

मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, हे सगळं बघितलेलं. त्यांची सगळी नोकरी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला सुरू केलेलं तेच. एकदा रात्री पाणी प्यायला उठल्या आणि तिथंच खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "नाइट ड्युटीत पेशंट पहाटे तीनला सगळ्यात जास्त घाबरतो बघ. तेव्हा त्याला ताप किती आन् बीपी किती हे सांगत बसायचं नसतं गं. जवळ बसायचं आन् त्याला जे माहितीये तेच परत सांगायचं, मी हाय इथं, डॉक्टर हायेत, आत्ता उजाडंल." मग म्हणाल्या बायबलमधलं विलापगीत काढ, तिसरा अध्याय.

मला वाटलं होतं काहीतरी धीराचं वाचायला सांगतील, स्तोत्र २३ वगैरे. विलापगीत म्हणजे यरुशलेम पडल्यावरचं रडणं, इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमाराची गोष्ट, बाबेलच्या सैन्यानं मंदिर जाळलं, गाव ओस पडलं, लेकरं भुकेनं रस्त्यात कोसळायलीत. पाच अध्याय आणि पाची दुःखाचे. पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं की पहिले चारही अध्याय मूळ हिब्रूत मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेत, त्यांची अक्षरं २२, आणि तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन तीन वचनं म्हणून तो ६६ वचनांचा. म्हणजे त्या माणसानं अगदी अ पासनं ज्ञ पर्यंत रडून घेतलंय, काही गाळलं नाही, आणि देवापुढंच रडलाय. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडं उगाच विश्वासणाऱ्यानं रडायचं नाही असं करून ठेवलंय काही लोकांनी, ते मला अजिबात पटत नाही.

तर त्या अध्यायात १८ व्या वचनात तो म्हणतो की परमेश्वराकडनं असलेली माझी आशा पण संपली. आणि २१ व्यात म्हणतो, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. मधे काय झालं? काहीच नाही. शहर जळालेलंच आहे, कोणी सोडवायला आलेलं नाही. फक्त त्यानं मनात काय आणायचं ते बदललं, देवाची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते, हे त्यानं मुद्दाम, धरून मनात आणलं. मी इतकी वर्षं आशा आपोआप वाटायची वाट बघत होते. ती वाटत नसते, ती अशी आणायची असते, आणि त्यासाठी देव भरवशाचा आहे हे आधी धरून ठेवायला लागतं. आणि विलापगीत तिथं संपत पण नाही, पुढं परत दुःख आहेच, शेवटचा अध्याय तर तक्रारीवरच थांबतो. तरी ती मधली वचनं खोटी ठरत नाहीत.

हे लिहिताना २०१९ च्या पुरात उलटलेली ब्रह्मनाळची बोट डोळ्यासमोर येते. पुरातनं बाहेर पडणारी माणसं होती ती, त्यांच्यातले पण देवाचं नाव घेतच असतील. ते का गेले याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि कोणी सोपं उत्तर द्यायला लागलं की मला राग येतो. प्रभूवर भरवसा म्हणजे आपल्या दारात पाणी येणारच नाही असा अर्थ मी घेत नाही. आलं तरी तो सोडणार नाही, एवढंच घेते, आणि तेवढ्यावर मला झोप लागते.

आता आमचं असं चाललंय, रात्री जेवणं झाली की फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सकाळी आधी अध्याय आणि प्रार्थना, मग पातळी. प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या विश्वासणाऱ्यांना चिंता करू नका म्हणून लिहिलं ते पण बेड्यांत असताना, आणि लगेच खाली लिहिलं की जे खरं आहे, जे शुद्ध आहे, त्याचा विचार करा. रिकामं ठेवलं की डोकं परत आकड्यांकडंच पळतं, म्हणून त्याला काहीतरी खरं द्यायला लागतं. त्याच्याबरोबर बाकीचं पण करतोच, मशीन लोखंडी स्टँडवर चढवलंय, कागद लागेल तेवढाच भरतोय, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिरजेला नणंदेकडं पोचली. मम्मी स्वतः गाठी मारत होत्या आणि तोंडानं गाणं चालू होतं.

ह्यांनी आज पाण्याच्या आधी पोरीच्या परीक्षेचं विचारलं.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, इनामदार प्लॉट, पाणी पहिलं तिथं शिरतं. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्याकडं वरच्या मजल्यावर एखादी खोली रिकामी असेल तर ओळखीतल्यांना आत्ताच सांगून ठेवा, पाणी दारात आल्यावर नको. आमच्या माडीवरची खोली उद्या झाडून घेणार आहे.