चौदा नंबर आणि बिननंबरी कार्ड

शनिवारी एका सत्तरीच्या माणसाने पंचवीस सेंटच्या कार्डासाठी माझ्यावर वीस मिनिटं खर्च केली. ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

गेली दोन वर्षं मी बेसबॉलची कार्डं जमवतोय. हसा खुशाल. बायको हसून दमली, आणि आई फोनवर अजूनही "त्या पत्त्यांवर किती घालवलेस?" एवढंच विचारते. पत्ते नव्हेत ते, पण असो. डॅलसच्या परिसरात राहायचं तर नोलन रायनचं नाव कानावर पडतंच. पिचर, म्हणजे आपला फास्ट बोलर समजा. 5,714 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), आणि सात सामने असे की समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही. त्यातला सातवा इथे आर्लिंग्टनला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तारीख 1 मे 1991, त्यामुळे मला ती पाठ करावी लागली नाही.

त्याच वर्षी अपर डेक या कार्ड कंपनीने त्याचा इन्सर्ट सेट काढला होता. मुख्य सेट आठशे कार्डांचा, पाकिटात पंधरा कार्डं, आणि एखाद्याच पाकिटात हे वेगळ्या क्रमांकाचं पाहुणं कार्ड सरकवलेलं. रायनचे नंबर 10 ते 18, कारण 1 ते 9 आदल्या वर्षी रेजी जॅक्सन या दुसऱ्या खेळाडूला दिलेले. शिवाय एक हेडर कार्ड, म्हणजे सेटचं शीर्षक-कार्ड, त्याला नंबरच नाही. रायनने 2,500 कार्डांवर स्वतः सह्याही केल्या, पण तो विषय माझ्या खिशाबाहेरचा.

बाकीचा सेट मात्र ऑनलाइन पिझ्झ्याच्या भावात मिळतो. हे बायकोला कळलं आणि घरात माझी बाजूच पडली. इतक्या स्वस्ताईचं कारण गमतीचं आहे. जुन्या काळी इथल्या आयांनीही कार्डं कचऱ्यातच टाकली (आमच्या बाबांनी माझी रद्दीत घातली तशी). 1952ची न खपलेली खोकी तर टॉप्स कंपनीने 1960 साली बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली. म्हणून त्या सेटमधलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. जुन्या कार्डांना भाव येतोय म्हटल्यावर 1990च्या सुमारास जो तो कार्डं जपायला लागला, कंपन्यांनी बेसुमार छापली, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांना किंमत उरली नाही.

मग आयता सेट का नाही घ्यायचा? शाळेत रेसलिंगची ट्रम्प कार्डं कुणी आयती घेतली होती का? "डबल आहे का रे?" करत अख्खं मैदान पालथं घालायचो. इथेही तसंच केलं. काही कार्डं जुनी पाकिटं फोडून मिळाली, काही ऑफिसातल्या एकाच्या माळ्यावरच्या खोक्यातून. बारा नंबर तीनदा आला. चौदा काही येईना, हेडरही नाही. (आणि मुलाच्या सॉकरच्या फीपुढे हा खर्च काहीच नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.)

शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो होता. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढरी लांबट खोकी, वर पाटी: कोणतंही कार्ड पाव डॉलर. मी चिठ्ठी पुढे केली. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पूर्ण सेट आहे माझ्याकडे. पण तुम्हाला तो नकोय, हो ना?" आणि एकेक खोकं उपसायला बसले.

आपल्याकडे "सुटं मिळणार नाही" म्हणून वाटेला लावलं असतं, असं तिथे उभ्या उभ्या मनात आलं. पण त्यांच्या टेबलाशी माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दादरला संध्याकाळी सहा वाजता गल्ला सांभाळून दाखवा म्हणावं.

शोधता शोधता गाव विचारलं. मुंबई म्हणालो, डोंबिवली सांगून उपयोग नसतो. मग कळलं, ग्रँड प्रेअरीचं मैदान बेसबॉलचं होतं तेव्हा ते तिथे सामने बघायला जायचे, आणि आता तिथे क्रिकेट चालतं याचं त्यांना जरा वाईटच वाटतं. मला राहवलं नाही. 2024च्या विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं ते त्याच मैदानावर, आणि सुपर ओव्हर टाकली ती आमच्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने, हे मी असं सांगितलं की जणू दुसऱ्या टोकाला मीच उभा होतो. तिकीट महाग म्हणून तो सामना मी सोफ्यावर बसून पाहिला होता.

चौदा नंबर चौथ्या खोक्यात सापडला. हेडर त्यांनी टेबलाखालच्या पेटीतून काढलं. मी पाकीट काढलं तर मान हलवली. "याचे पैसे नकोत. डबल काय आहे तुमच्याकडे?"

अगदी तोच प्रश्न, फक्त इंग्रजीत! मी बारा नंबर दिला. त्यांनी तो उजेडात धरून चारही कोपरे तपासले आणि मगच हेडर माझ्याकडे सरकवलं. चौदाचा पाव डॉलर मात्र चोख घेतला.

घरी येऊन फाइल उघडली. या फाइलींच्या पानाला नऊ खिसे असतात. दहा ते अठरा अगदी चपखल बसले. हेडर उरलं. त्याला पुढच्या पानावर एकटं ठेवलं, तर आठ खिसे रिकामे. त्याच वर्षी हँक एरनचाही सेट आला होता, नंबर 19 ते 27. म्हणजे नऊ, आणि त्याचंही एक हेडर. दोन खिसे कमी पडतायत. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.