ईयोबाचा धीर आणि शर्टाचे बटण

सकाळी उठल्यावर निदान तासभर माझी बोटे नीट मिटत नाहीत. मला असलेल्या संधिवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि रात्रीच्या विश्रांतीने सांधे मोकळे होण्याऐवजी अधिकच आखडतात. शर्टाचे बटण काजात सरकवणे हे किती बारीक कसबाचे काम आहे, हे धडधाकट माणसाच्या कधी लक्षातही येत नाही. अंगठ्याने बटण आडवे धरायचे, तर्जनीने काजाची कड ओढायची, आणि नेमक्या त्या क्षणी बोटातले बळ जाते. गेली ११ वर्षे हे चालले आहे.

पहिली दोन वर्षे मी बरे होण्यासाठी प्रार्थना केली. त्या काळात भेटायला येणारे बहुतेक जण बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रातले एकच वचन घेऊन येत: देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरे आहे, त्यावर माझा विश्वासही आहे. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर ते मलमपट्टीसारखे लावून निघून जाण्याची जी घाई असते, तिचा मला आजही राग येतो. एकाने तर माझा विश्वास कमी पडत असावा, असे हळूच सुचवले. ते दुखणे सांध्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकले.

त्या रागातच मी बायबलच्या जुन्या करारातले ईयोबाचे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. सज्जन असूनही मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावून बसलेल्या माणसाची ही गोष्ट. तोपर्यंत मला ईयोब माहीत होता तो ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ असे म्हणणारा, म्हणजे पहिल्या अध्यायातला. पुस्तकाचे अध्याय ४२ आहेत, आणि तिसऱ्या अध्यायापासूनच हा माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देऊ लागतो. पुढे तो देवाशी वाद घालतो, त्याला जाब विचारतो, मित्रांना ‘तुम्ही सगळे त्रासदायक सांत्वनकर्ते आहात’ असे तोंडावर सुनावतो. ते मित्र सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले होते. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. बोलू लागल्यावर त्यांनी दुःखाचा हिशेब मांडला: भोगतो आहेस, म्हणजे काहीतरी पाप केले असशील. शेवटी देव रागावतो तो या हिशेबनीसांवर. ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असे तो म्हणतो.

याहून मोठी गोष्ट मला पुस्तक मिटल्यावर जाणवली. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात जे संभाषण घडले आणि ज्यामुळे ही सारी संकटे आली, ते वाचकाला पहिल्याच पानावर कळते, पण ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणीही सांगत नाही. वावटळीतून देव बोलतो तेव्हा उलट ईयोबालाच प्रश्न विचारतो: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? कारण कधीच सांगितले जात नाही, आणि तरीही देव आपल्याशी बोलला एवढ्यावर ईयोब शांत होतो. माझ्या दुखण्याचे कारण शोधणे मी त्यानंतर सोडून दिले. म्हणजे एका दिवसात सोडले असे नाही. वाईट रात्री ते अजूनही परत येते.

नव्या करारातले याकोबाचे पत्र मात्र याच तक्रारखोर माणसाकडे बोट दाखवून ‘ईयोबाचा धीर’ म्हणते. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. ‘खाली’ आणि ‘राहणे’ या दोन अर्थांतून तो घडला आहे. ओझ्याखाली राहणे, जागा न सोडणे. संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, असे पौल रोमकरांना लिहितो तेव्हाही तोच शब्द वापरतो. धीर म्हणजे चेहऱ्यावर हसू ठेवणे, अशी जी समजूत आमच्यात रुजली आहे, तिला या शब्दात काही आधार सापडत नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर, असे आधी मागितले आणि मगच ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हटले. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा तसाच राहिला, आणि उत्तर आले, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ तो काटा नेमका कोणता होता, हे पौल सांगत नाही. मला वाटते ते बरेच झाले, कारण त्यामुळे ज्याला त्याला आपला काटा तेथे ठेवता येतो.

मग हेतूचे काय? करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल म्हणतो की देव आमचे सांत्वन करतो, ते आम्हाला इतरांचे सांत्वन करता यावे म्हणून. दुखणे का आले याचे उत्तर यात नाही. ते आलेच आहे तर त्यातून कोणते काम होऊ शकते, एवढेच येथे आहे. मला तेवढे पुरते.

काही महिन्यांपूर्वी, नुकतेच हेच निदान झालेल्या एका बाईंना भेटायला गेलो होतो. बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही. त्यांना गोळी घ्यायची होती आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण निघत नव्हते. आम्हा दोघांच्या चार हातांत मिळून एक धड हात नव्हता. शेवटी मी बाटली गुडघ्यांत दाबून धरली, त्यांनी दोन्ही तळवे झाकणावर ठेवून जोर लावला, आणि निम्मे पाणी माझ्या मांडीवर सांडत ते एकदाचे उघडले. त्या हसल्या, मग रडल्या, आणि काहीतरी वाचा म्हणाल्या. मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र काढले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात; हे वळत नाही, ते अंधारातच संपते. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटू लागलो.

‘‘हे खरेच पवित्र शास्त्रात आहे?’’ त्यांनी विचारले. मी मान हलवली.

‘‘मग पुन्हा एकदा वाचा,’’ त्या म्हणाल्या.