उत्तर बरोबर, रीत दाखव

माझे मामा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते आणि डोंबिवलीहून व्हीटीला जाताना लोकलमध्ये इंग्रजी दैनिकातले गूढ शब्दकोडे सोडवीत. बसायला जागा मिळाली तर पेनाने, उभे राहावे लागले तर मनातल्या मनात, आणि जे उरेल ते संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्यावर. मी सातवीत असताना त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ अशी आठ अक्षरे ओळीने लिहिली, कंसात पाच हा उत्तराच्या अक्षरांचा आकडा घातला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बराच वेळ डोके खाजवल्यावर, समोर पाण्याचे भांडे होते म्हणून की काय, मी ‘वॉटर’ असे ठोकून दिले. मामांनी कपातला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “उत्तर बरोबर. रीत दाखव.”

रीत अर्थातच माझ्यापाशी नव्हती. एचपासून ओपर्यंतची अक्षरे, म्हणजे ‘एच टू ओ’, म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातले पाणी, हे त्यांनी उलगडून सांगितले तेव्हा मला आधी हसू आले आणि मग थोडा राग आला, कारण सगळे डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते. त्या दिवशी उत्तराचा एकही गुण मला मिळाला नाही. गणिताच्या बाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या.

साध्या शब्दकोड्यात ‘एक नदी, तीन अक्षरे’ असे विचारलेले असते, आणि तिथे गोमती बसते की यमुना, हे उभ्या-आडव्या शब्दांच्या छेदावरूनच ठरवावे लागते. गूढ कोड्याचे जवळजवळ प्रत्येक सूत्र मात्र एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा देते. सूत्राच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत अक्षरांची काही कृती सांगितलेली असते: फिरवा, उलटा करा, एकात दुसरे घाला, पोटातून बाहेर काढा. दोन्हींमधला सांधा दिसू नये, एक सरळ बोलके वाक्य वाचल्याचा भास व्हावा, एवढीच कोडेकाराची लबाडी. इंग्रजी कोड्यात ‘फ्लॉवर’ आला की फूल शोधत बसणारा फसतो, कारण पुष्कळदा तो ‘फ्लो’ करणारा, वाहणारा, म्हणजे नदी असतो. मात्र दोन्ही वाटा एकाच दारात येऊन भेटल्या की उत्तर बरोबर आहे का, हे कोणाला विचारावे लागत नाही. मामांचा रीतीचा आग्रह त्यासाठी होता, हे मला फार उशिरा कळले.

हा खेळ मूळचा इंग्रजांचा. उभ्या-आडव्या शब्दांचे आधुनिक कोडे 1913 साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात अवतरले खरे, पण त्यात गूढता घातली ती विलायतेने. 1926 पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी ‘टॉर्केमाडा’ हे टोपणनाव घेतले होते, म्हणजे स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ मांडणाऱ्या धर्मन्यायाधीशाचे. यावरून त्यांचा वाचकांविषयीचा जिव्हाळा लक्षात यावा. मला मात्र ए. एफ. रिची अधिक जवळचे वाटतात. ते एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांनी आपल्याच नावाच्या अक्षरांतून ‘अफ्रीट’ हे नाव बेतले, ज्यात अरबी कथांमधला राक्षसही बसला. त्यांनी घालून दिलेल्या नियमाचा आशय असा की, शब्दांचा वरवरचा अर्थ कोडेकाराला अभिप्रेत नसला तरी चालेल, पण जे अभिप्रेत आहे ते शब्दांत असलेच पाहिजे. फसवावे, पण खोटे बोलू नये, हे तारतम्य मला वकिलांच्या आणि सासवांच्या बोलण्यातही आढळले आहे.

मामा निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मराठीत सूत्रे रचण्याचा उद्योग आरंभला, आणि पहिल्याच आठवड्यात विभक्तीने आमची कोंडी केली. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही ठेवला तरी सहसा अंगावरचा कपडा बदलत नाही. आपला ‘घोडा’ मात्र ‘घोड्यावर’ होतो आणि अक्षरे मोजणाऱ्याच्या हाती त्याची मोडतोड उरते. म्हणून जो शब्द फिरवायचा तो प्रथमेत उभा करायचा, अशी शिस्त आम्ही लावून घेतली. ‘खवळलेली मगर तापलेली (३)’ हे मामांचे पहिले यशस्वी सूत्र. मगर खवळली की तिची अक्षरे जागा सोडतात आणि ‘गरम’ होतात. माझे ‘पोटातून ‘ग’ची बाधा झालेला नर म्हणजे शहर (३)’ हे त्यांना आवडले, कारण नराच्या पोटात ‘ग’ शिरला की ‘नगर’ वसते आणि बाधा ज्याला झाली आहे त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘गुरुजींची गाडी राज्य चालवते (४)’ याचे उत्तर ‘सरकार’, हे वाचकांनी माझ्या आधीच ओळखले असेल.

माझे सर्वांत लाडके सूत्र मात्र ‘एक मळकट डबके, पोटात फूल (३)’ हे आहे. ‘एक मळकट’ हे दोन शब्द सलग वाचले तर मधोमध ‘कमळ’ दडलेले आहे. डबक्यात कमळ असते आणि डबक्याच्या वर्णनातही ते असते. असे सूत्र रचले जात नाही, ते सापडते. मला ते भाजी निवडताना सापडले आणि त्या दिवशी मेथीच्या काड्या आमटीत गेल्या.

देवनागरीने आम्हाला एक गोष्ट मात्र भरभरून दिली. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते आणि ते लहान लिहिणे हे कोडेकारांच्या दृष्टीने पाप, त्यामुळे माणसाचे नाव लपवताना त्यांची तारांबळ उडते. आपल्याकडे मोठी लिपीच नाही. ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ या जुन्या कूटश्लोकाची सगळी मौज यावरच उभी आहे. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि सारे कौरव ‘हा केशव’ म्हणून रडू लागले, असा अर्थ लावणारा महाभारताच्या रणांगणात शिरतो आणि तिथेच अडकतो, कारण असे काही घडलेच नव्हते. ‘केशवम्’ तोडले की ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शवम्’ म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे कावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. पाण्यात पडलेले प्रेत कावळ्याच्या चोचीला लागते आणि कोल्हे काठावर ओरडत राहतात. हा श्लोक रचणारा टॉर्केमाडाला सहज शिष्य म्हणून ठेवून घेऊ शकला असता.

मामा आता पंचाऐंशीचे आहेत आणि डोंबिवलीतल्या घरातून फारसे बाहेर पडत नाहीत, पण सूत्रांची तपासणी फोनवरून अव्याहत चालते. गेल्या रविवारी मी त्यांना ‘अस्वस्थ नवरा झाडावर उड्या मारतो (३)’ असे सूत्र ऐकवले. उत्तर ‘वानर’. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग निकाल आला. नवरा या शब्दात काना ‘र’ला आहे, वानर या शब्दात तो ‘व’ला आहे, अक्षरांची जागा बदलता येते, पण काना एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवता येत नाही. काना अक्षराला जन्माचा चिकटलेला असतो, तेव्हा सूत्र बाद. मी म्हटले, “मामा, इंग्रजीत स्वर असे सुटे फिरतातच की.” ते म्हणाले, “इंग्रजीत फिरू देत.” माझे यजमान शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते आणि फोनचा आवाज नेहमीप्रमाणे मोठा होता, त्यामुळे बाद हा शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत असतानाच मामांनी पुढचे वाक्य उच्चारले.

“रीत साफ चुकली आहे. उत्तर मात्र बरोबर आहे.”